न पिलेल्या माणसाची बायको

लिव्हर गेलं म्हणलं की लोक पहिलं काय विचारतात, सांगू? दुखतंय का, विचारत न्हाईत. जेवतो का, विचारत न्हाईत. "किती प्यायचा?" एवढंच. जसं काय देवानं लिव्हर फक्त दारूड्यांनाच दिलंय आणि बाकीच्यांच्या पोटात तिथं भुस्सा भरलाय!

मी सुभद्रा, गावातच दिलेली. ज्याच्याबद्दल हे विचारतात तो पुंजाजी माझा पाठचा भाऊ. आणि मला सांगायचंय ते त्याच्या बायकोचं, चतुराचं. नणंद भावजयीचं चांगलं सांगून राहिली म्हणून हसू नका. माझ्या जिभेला हाड न्हाई हे हट्ट्यापासून वसमतपर्यंत सगळ्यांना माहीत हाय. चांगलं बोलायची मला सवयच न्हाई, पण जे हाय ते हाय.

आमची शेरडं-मेंढरं राखणारी माणसं. थोडी जमीन, बाकी सगळं माळावर. पुंजाजी चालायला लागला तवापासून शेरडांमागं. दारू सोडा, ह्या माणसानं कधी तंबाखूची चिमूट धरली न्हाई. लग्नात दोस्त लोक मांडवामागं बोलवायचे, तर हा म्हणायचा, "नको रे, माझी शेरडं वासानं बिचकतात." सगळे खी-खी हसायचे. तेच दोस्त नंतर म्हणायला लागले, "चोरून पीत असंल." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

काही वर्षांमागं त्याचे डोळे पिवळे पडले. आमच्या भागात कावीळ उतरवणारे डॉक्टरांपेक्षा जास्ती. एकानं कसल्याशा पाण्यात त्याचे हात धुतले, पाणी पिवळंजर्द झालं. म्हणला, बघा, उतरली. म्या म्हणलं, थांब, माझेबी धू. माझ्या हातानंबी पाणी तसंच पिवळं झालं. मंग तो बाबा म्हणतो कसा, "बाई, तुमालाबी हाय!" असा संताप आला, ते पाणी त्याच्याच डोक्यावर ओतणार व्हते. दुसऱ्यानं काड्यांची माळ पुंजाजीच्या डोक्यावर ठेवली. माळ ढिली होत जशी खाली सरकंल तशी कावीळ उतरंल म्हणे. माळ गळ्याखाली आली, छातीवर आली, आणि तवर त्याचं पोट पाण्यानं असं फुगलं की माळ पोटावर अडकून बसली. लोक म्हणले, थांबा, अजून उतरंल. चतुरा म्हणली, "आक्का, माळ काही पुढं जात न्हाई, आता आपणच जाऊ." आणि ती त्याला घेऊन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं कळलं, रक्तातली कावीळ. 'कावीळ ब' म्हणतात तिला. लई वर्षं आत बसून व्हती, लिव्हर वाळून टणक झालं व्हतं. चतुरानं विचारलं, ही आली कुठून? डॉक्टर म्हणला, सांगता येत न्हाई, सुईतून येते, वस्तऱ्यातून येते. म्या लगेच समजले. आमच्या लहानपणी सायकलीवर एक सुई टोचणारा यायचा आणि अख्ख्या गल्लीला एकच सुई फिरवायचा. खरं-खोटं देव जाणे, पण माझा संशय त्याच्यावरच हाय. त्याला कुणी कधी जाब विचारला न्हाई, उलट चहा पाजून पाठवायचे.

दवाखान्यात रागिणी सिस्टर म्हणून एक व्हती. बोलायला फटकळ, पण जीव लावून शिकवायची. बाकीचे नातेवाईक कॉटखाली पथारी टाकून घोरायचे, आमची चतुरा सिस्टरच्या मागं-मागं फिरायची. हे काहून करता? ते काहून न्हाई करत? सिस्टर एकदा चिडून म्हणली, "बाई, तुला नोकरी लावून देऊ का?" चतुरा म्हणली, "नोकरी नको, नवरा पाहिजे." सगळा वॉर्ड हसला.

घरी आल्यावर ह्या बाईनं जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. रोज सकाळी उपाशीपोटी ती लोकरीच्या दोऱ्यानं त्याचं पोट मोजायची. दोऱ्याला गाठी मारलेल्या. पोट गाठीच्या पुढं गेलं की पाणी वाढलं, मंग वसमतला दाखवायला न्यायचं. मीठ बंद. पण अळणी जेवण त्याच्या घशाखाली उतरंना, तर लिंबू पिळून, लसूण भाजून, जिरं घालून काय काय करायची. आणि त्याला एकट्यालाच अळणी नको म्हणून स्वतःबी अळणीच खायची. गावातल्या शहाण्या बाया सांगायच्या, काविळीला डाळ नको, दूध नको, नुसती लाही दे. सिस्टरनं मात्र बजावलं व्हतं, उपाशी ठेवलंस तर अंगावरचं मांस झडंल, झोपायच्या आधीबी चार घास दे. चतुरा कुणाशी वाद घालायची न्हाई. "व्हय व्हय" म्हणायची आणि डाळीची वाटी त्याच्या पुढं सरकवायची. मला असं जमलं नसतं, म्या भांडले असते.

त्याला खाज सुटायची. सगळं अंग ओरबाडून रक्त काढायचा. ती नखं बारीक कापायची, ओल्या फडक्यानं पाठ पुसत बसायची. हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून काडीनं दात घासणं बंद करून बोटाला मऊ कापड गुंडाळून द्यायची. आणि सगळ्यात मोठं काम म्हंजी ते गोड औषध. पातळ, पाकासारखं. त्यानं दिवसातून दोन-तीन वेळा परसाकडला झालंच पाहिजे. न्हाई झालं तर पोटातलं विष मेंदूत चढतं. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, दिवसा झोपतो, रातभर जागतो. सिस्टरनं खूण दाखवली व्हती: दोन्ही हात समोर पसरून पंजे वर करायला लावायचे, जसं आपण कुणाला 'थांब' म्हणतो. पंजे फडफडायला लागले की समजायचं, चढलं. चतुरा रोज न्याहारीआधी त्याला असे हात धरायला लावायची. शेजारणी बघायच्या आणि म्हणायच्या, "काय गं, नवऱ्याची कवायत घेऊन राहिली?"

ती त्याचा मळबी बघायची. काळा तर न्हाई ना, रक्त तर न्हाई ना. ह्याच्यावरून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. अगं, स्वतःच्या लेकराचं बघता तवा लाज वाटत न्हाई, आणि मरायला टेकलेल्या माणसाचं बघितलं की हसू येतं? आणखी एक सांगते, ह्यांच्या घरचा चहा लोकांनी बंद केला, रोग लागंल म्हणून. सिस्टरनं घरातल्या सगळ्यांना तपासून लस टोचली व्हती, आणि कपबशीतून हा रोग लागत न्हाई हे सांगितलं व्हतं. पण ऐकतो कोण!

आता पेमाबाईचं सांगते. पेमा आमच्याच गल्लीतली. तिचा नवरा पिऊन-पिऊन गेला. जाताना घर, भांडी, तिच्या पाठीची कातडी, सगळं खाऊन गेला. नंतर तिनं बाया गोळा करून दारूबंदीची कमिटी काढली. गुत्त्यावरच्या घागरी फोडल्या. म्या स्वतः तिच्याबरोबर दोन घागरी फोडल्यात. तिचं दुःख खोटं हाय असं मी मेल्यावरबी म्हणणार न्हाई. पण कमिटीनं एक रीत काढली. गावात कुणी झिंगलेला दिसला की त्याला खंडोबाच्या देवळापुढच्या लिंबाला बांधायचं. त्याच्या बायकोनं येऊन सगळ्यांसमोर त्याला चप्पल मारायची. मंगच सोडायचं. आणि शुद्धीवर आला की पुढच्या आइतवारी त्यानं देवापुढं भंडारा उचलायचा, परत पिणार न्हाई म्हणून. आमच्यात भंडारा उचलून खोटं बोलत न्हाईत. कोर्टात बोलतील, भंडारा हातात घेऊन न्हाई.

रीत चांगली चालली व्हती. चार घरं सुधारली असतील. पण रीत एकदा हातात आली की माणूस डोळे मिटून हाणत सुटतो.

त्या दिवसांत हट्ट्याच्या दुकानात ते गोड औषध संपलं. "उद्या येईल, परवा येईल," दुकानदार सांगत राहिला. पुंजाजीचं पोट साफ व्हईना. सकाळी चतुरानं त्याला हात धरायला लावले, पंजे फडफडले. तिनं म्हातारीला, म्हंजी आमच्या आईला, त्याच्यापाशी बसवलं आणि जीप धरून औषधाला वसमतला गेली. येताना गाडी ठरवून आणते, सरळ नांदेडला नेऊ, असं मला दारातून सांगून गेली. मी बाजरी काढायला शेतात गेले. दुपारी वाटेवरून शेरडं गेली, घुंगरं वाजली. आयुष्यभराची सवय, हा उठला आणि घुंगरांमागं निघाला. आई आरडत राहिली, तिच्यानं काय धरवतंय!

देवळापाशी झोकांड्या खात आला. जीभ जड, डोळे लाल-पिवळे, अंगाला कसलासा वास. बाया तिथं बैठकीला बसलेल्याच व्हत्या. पेमा म्हणली, "पुंजाजी! तूबी का रे?" आणि बांधला.

सांगावा मिळताच मी शेतातून धावत आले, तवा त्याची मान छातीवर पडली व्हती. दोराचे वळ हातावर उठले व्हते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "सोडा त्याला! आजारी हाय तो! मुडदा पाडता का माझ्या भावाचा?"

पेमा म्हणली, "आक्का, बहिणीला पुळका येणारच. माझ्या नणंदाबी हेच म्हणायच्या. आजारी हाय, चक्कर आली, ऊन लागलं. मी मार खाऊन पडलेली असायचे आणि त्या म्हणायच्या, माझा भाऊ पीत न्हाई."

"अगं, तोंडाचा वास घेऊन बघ!"

"घेतला. येऊन राहिला वास."

त्या वासाचं मी कुणाला काय सांगू! लिव्हरच्या रोग्याच्या तोंडाला तसाच कुजका-गोडसर वास येतो. म्या दोर सोडायला हात घातला तर चौघींनी मला ओढून बाजूला धरलं. पारावरचे रिकामटेकडे बाप्ये मोबाईल वर करून बघत व्हते. त्यातले निम्मे स्वतः रोज ढोसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तेवढ्यात चतुराची गाडी आली. हातात औषधाची पिशवी. ती उतरली, कुणाकडं बघितलं न्हाई, सरळ त्याच्यापुढं बसली. "अवो, मी कोण?"

त्यानं डोळे उघडले. म्हणला, "आई."

चतुरा उठून पेमाला म्हणली, "पेमाबाई, विष डोक्यात चढलंय. ह्यांना आत्ता नांदेडला न्यायचंय. गाडी उभी हाय."

"ने की. रीत कर आणि ने."

"ह्यांनी पिली न्हाई."

"समद्या बाया हेच म्हणतात, चतुरे. मीबी म्हणायचे. आज तुला सोडलं तर उद्या समदे दारूडे म्हणतील, आमालाबी लिव्हरची बिमारी हाय. मंग कमिटी कशाला?"

मी तोंडात येईल त्या शिव्या दिल्या. आता वाटतं, म्या शिव्या देत व्हते तेवढा वेळबी वायाच गेला. चतुरानं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा त्याच्या लोंबणाऱ्या मानेकडं. वाद घालत बसली तर संध्याकाळ व्हईल, आणि संध्याकाळपर्यंत हा राहणार न्हाई, हे तिला दिसत व्हतं. तिनं पायातली चप्पल काढली. मला वाटलं पेमाला हाणती. मनात म्हणलं, हाण!

तिनं पुंजाजीच्या खांद्यावर मारली. नंतर गालावर. बाया म्हणल्या, "जोरात." तिनं जोरात मारली. त्यानं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून सोसत न्हाई.

"सोडा आता," ती म्हणली. तिचा आवाजसुद्धा हलला न्हाई.

गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन, कुशीवर वळवून बसली. उलटी झाली तर घशात जाऊ नये म्हणून. औषध तोंडानं पाजू म्हणलं तर मला म्हणली, "नको आक्का, शुद्ध न्हाई, ठसका लागंल. सिस्टर खालून देतील." आणि तसंच झालं. दवाखान्यात पोचताच रागिणी सिस्टरनं एनिमा दिला, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, घाण झालेली चादर पुन्हा-पुन्हा बदलली. एकदाबी नाक मुरडलं न्हाई. दर थोड्या वेळानं त्याला हलवून नाव विचारायची. त्याच्या गालावरचा वळ बघून म्हणली, "हे काय?" चतुरा म्हणली, "म्या मारलं." सिस्टरनं त्या वळावर मलम लावलं.

वाचला. दोन दिवसांनी स्वतःचं नाव सांगितलं, मंग माझं, मंग शेरडांची. तवर इकडं काय झालं, तर तो चप्पल मारतानाचा व्हिडिओ कळमनुरीपर्यंत पोचला. तिथं त्याची लेक वैष्णवी दिलेली हाय. तिच्या सासरी तो व्हिडिओ जेवताना बघितला सगळ्यांनी. पोरगी फोनवर हमसून-हमसून रडली. "आत्या, बाबा खरंच..." म्या म्हणलं, "वैष्णवे, पुढं बोललीस तर तुझंबी थोबाड फोडीन!" आणि फोन ठेवून मीच रडत बसले.

पुंजाजी घरी आला तो गप्प. दिलं ते खायचा, हात पसर म्हणलं की पसरायचा. चतुराकडं बघायचा न्हाई. आमाला वाटलं, अशक्तपणा असंल.

आइतवार आला. देवळापुढं बाया बसल्या व्हत्या. हा काठी टेकत निघाला. मी मागं गेले. वाटलं, चार शब्द सुनवायला चाललाय, बरं झालं. त्यानं देवाला हात जोडले आणि भंडाऱ्याच्या ताटाकडं हात नेला.

चतुरा भाकरी टाकून पळत आली व्हती, हात पिठाचे. तिनं त्याचं मनगट धरलं. "काय करून राहिलात?"

"भंडारा उचलतो. परत पिणार न्हाई म्हणतो."

"परत? कधी पिलात तुमी?"

"मला आठवत न्हाई गं," तो म्हणला. "लई आठवून बघितलं. पण तू मारलंस एवढं आठवतं. आणि तू मला उगं मारणार न्हाईस. म्हंजी पिलोच असंन."

इतके दिवस दवाखान्यात, घरी, रस्त्यावर चतुराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथं ती खाली बसली आणि रडली, गुरावानी हंबरून रडली. मंग उठली. पिठाच्याच हातानं भंडारा उचलला. म्हणली, "खंडोबा, ऐक. ह्या माणसानं कधी दारू पिली न्हाई. म्या मारलं ते खोटं मारलं. ह्यांना सोडवायला दुसरी वाट ठेवली नव्हती म्हणून मारलं." आणि ताट पेमापुढं धरलं. "आता तू उचल. ह्यांना पिताना बघितलं म्हण."

पेमाचा हात मांडीवरून उठला न्हाई. कुणाचाच उठला न्हाई. म्या पाराकडं बघितलं, आज एकाच्याबी हातात मोबाईल नव्हता.

"झालं ते झालं, चतुरे," पेमा खालच्या मानेनं म्हणली.

"मला नको सांगू. ह्यांना सांग."

पेमा उठली. त्याच्यापुढं उभी राहिली, हात जोडायला गेली. तर हा काय म्हणावा? "असू दे, पेमाबाई. तुमी चांगलंच काम करून राहिल्या." मला वाटलं, आता ह्यालाच एक ठेवून द्यावी! अरे, तुला मरणाच्या दारात नेलं ह्यांनी, लेकीच्या घरापर्यंत तुझी इज्जत नेऊन टाकली, आणि तूच त्यांना शाबासकी देतोस?

आमी घरी निघालो. चतुरा पुढं, चुलीवर भाकरी करपत व्हती. पुंजाजी माझा हात धरून हळूहळू चालत व्हता. निम्म्या वाटेत थांबला, माझ्याजवळ तोंड आणून बारीक आवाजात म्हणला, "आक्का, खरं सांग. चतुरानं माझ्यापायी खोटा भंडारा तर उचलला न्हाई ना गं?"

त्याला वाटलं, तिला ऐकू गेलं न्हाई. गेलं व्हतं. तिची पाठ ताठली, पण ती थांबली न्हाई, वळून बघितलं न्हाई. घरात शिरली, भाकरी उलटली, आणि त्याच्या औषधाची बाटली कोनाड्यातून काढून हलवायला लागली.